तांब्याची किटली आणि झाकणातलं भोक

युरोपातल्या जुन्या वस्तूंच्या लिलावांच्या याद्या वाचण्याची मला खोड आहे. विकत घ्यायची ऐपत नाही आणि घेतलंच तर ठेवायला घरात जागा नाही. पण वाचायला पैसे पडत नाहीत. या याद्यांत चित्रं, घड्याळं, चांदीची ताटं यांना पानभर जागा मिळते. शेवटाकडे, स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या गर्दीत, तांब्याच्या काही जुन्या किटल्या असतात. त्यांची नोंद एकदोन ओळींत आटोपलेली असते. तांब्याची कॉफीची किटली, अठरावं शतक, आतली कल्हई उडालेली, कारागीर अज्ञात. तिच्याखाली दुसरी. तांब्याची चॉकलेटची किटली, काळ तोच, कारागीर पुन्हा अज्ञात. छायाचित्रात पाहावं तर दोघी सख्ख्या बहिणी. मग एक कॉफीची आणि दुसरी चॉकलेटची, हे ठरवलं कुणी?

उत्तर झाकणात आहे. चॉकलेटच्या किटलीच्या झाकणाला मधोमध एक भोक असतं. कधी ते उघडंच असतं, कधी त्यावर सरकती चकती असते, तर कधी झाकणावरची गुंडीच बाजूला होते आणि खाली भोक दिसतं. कॉफीच्या किटलीला असं भोक नसतं. मूठ पाहून ओळखावं म्हटलं तर मूठ फसवते. तोटीशी काटकोनात बसवलेली सरळ लाकडी मूठ दोन्ही प्रकारांत सापडते. आकारही फसवतो. भोक मात्र सहसा फसवत नाही, कारण ते एका कामासाठी ठेवलेलं असतं. त्या भोकातून लाकडी रवीचा दांडा बाहेर येतो.

हो, रवीच. आपण ताक घुसळतो तशीच, फक्त उंचीला बेताची. स्पॅनिश लोक तिला मोलिनियो म्हणतात. खाली कंगोरे पाडलेलं लाकडी बोंड, वर लांब दांडा. झाकण लावायचं, दांडा दोन तळहातांत धरायचा आणि गरागरा फिरवायचा. चॉकलेट अंगावर उडत नाही आणि किटलीतल्या किटलीत फेस येतो.

आता चॉकलेट घुसळायचं कशासाठी, असं कुणी विचारील. आपल्याला चॉकलेट म्हटलं की चांदीच्या कागदातली वडी आठवते. पण ही वडी अलीकडची. त्याआधी शेकडो वर्षं चॉकलेट हे प्यायचं पेय होतं. कोकोच्या बियांत जवळजवळ निम्मा अंश स्निग्ध पदार्थाचा असतो. बिया भाजून, वाटून, त्यांचा गोळा गरम पाण्यात विरघळवला की ही चरबी वर तरंगते आणि जड भाग खाली बसतो. म्हणजे पहिल्या पेल्यात तेलकट तवंग आणि शेवटच्या पेल्यात गाळ. ते टाळायचं तर प्रत्येक पेला ओतण्यापूर्वी किटलीत रवी फिरवायला हवी. कॉफीचं नेमकं उलट. कॉफीची पूड पाण्यात उकळली की तिला खाली बसू द्यावं लागतं. ढवळली की तोंडात रवा येतो. म्हणून पुष्कळ कॉफीच्या किटल्यांची तोटी किंवा चोच अंगाच्या बरीच वर असते, गाळ तळाशी राहावा यासाठी. एका पेयाला विसावा हवा, दुसऱ्याला घुसळण. तेवढ्यासाठी तांबटाला दोन वेगळी भांडी घडवावी लागली.

फेसाची ही आवड युरोपची नव्हे. ती मध्य अमेरिकेतल्या माया आणि अझ्टेक लोकांची. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात माया कारागिरांनी रंगवलेलं एक भांडं आहे, साधारण इसवी सन ६७० ते ७५० या काळातलं. त्यावर एका दरबाराचं दृश्य आहे आणि एका कडेला उभी असलेली बाई एका उंच भांड्यातून खालच्या भांड्यात चॉकलेट ओततेय. आपल्याकडे चहावाला उंचावरून चहाची धार धरतो ना, तशीच धार. फेस आणण्याची ही जुनी पद्धत होती. १५१९ साली कोर्तेस अझ्टेकांच्या राज्यात शिरला, पुढे ते राज्य बुडालं आणि स्पॅनिश लोकांच्या हाती कोकोही आला. त्यांनी त्यात साखर आणि दालचिनी घातली आणि सोळाव्या शतकात ओतण्याच्या जागी रवी आणली. रवी आली म्हणून झाकणाला भोक आलं.

स्पेनमधून हे पेय इटली, फ्रान्स, इंग्लंडमध्ये पसरलं. तिथल्या कॅथलिक धर्मपंडितांपुढे तर आपल्या ओळखीचा प्रश्न उभा राहिला. हे उपासाला चालतं का? दोन्ही बाजूंनी ग्रंथ लिहिले गेले. सतराव्या शतकात कार्डिनल ब्रान्काचिओ यांनी पेयानं उपास मोडत नाही असा कौल दिला आणि अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. बार्सिलोनाच्या संग्रहालयात १७१० सालचं, चिनी मातीच्या फरशांवर रंगवलेलं एक मोठं चित्र आहे. त्यात बागेत जमलेली उंची कपड्यांतली मंडळी चॉकलेट पिताहेत आणि जवळच ते तयार करणारी माणसंही रंगवलेली आहेत. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात लुईस मेलेंदेस या चित्रकाराचं १७७० सालचं एक चित्र आहे. तांब्याची किटली, तिच्यातून वर आलेला रवीचा दांडा, शेजारी चॉकलेटच्या चकत्या, पाव आणि एक पेला. तांब्यावरचा उजेड असा धरलाय की भांडं आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखं वाटतं. मेलेंदेसची चित्रं राजपुत्रानं घेतली, पण दरबारी चित्रकाराचं पद मागूनही त्याला मिळालं नाही. १७८० साली तो गेला, तेव्हा त्याच्या हाती काही उरलं नव्हतं.

कॉफी युरोपात पूर्वेच्या वाटेनं आली. येमेनमधल्या मोखा बंदरातून निघालेली कॉफी तुर्कस्तानात पोचली. तिथे लांब दांड्याचं, तोंडाशी आवळलेलं छोटं तांब्याचं भांडं तिच्यासाठी वापरात आलं. अरबस्तानात लांब चोचीची ‘दल्ला’ घडवली गेली. संयुक्त अरब अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावर आजही तिचं चित्र आहे. आखातात नोकरी केलेल्या आपल्याकडच्या कित्येकांच्या खिशात ती खुळखुळली असेल. लंडनमध्ये पहिलं कॉफीगृह १६५२ साली निघालं आणि १६५७ साली तिथल्या वृत्तपत्रात चॉकलेटची जाहिरात झळकली. चहाही त्याच सुमाराचा. म्हणजे पाचसात वर्षांत तीन नवी गरम पेयं एका शहरात दाखल झाली आणि कोणतं भांडं कशासाठी वापरायचं याचा गोंधळ उडाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात १६७० सालचं चांदीचं एक उंच, निमुळतं पात्र आहे. कुणीही पाहिलं तरी कॉफीचंच म्हणेल. पण त्याच्यावर कोरलंय की ही चहाची किटली असून लॉर्ड बर्कली यांनी ती ईस्ट इंडिया कंपनीच्या समितीला भेट दिली आहे. अक्षरं कोरलेली नसती, तर आज ते चहाचं पात्र कॉफीचं म्हणून मिरवलं असतं.

तांब्यावर मात्र अशी अक्षरं क्वचितच कोरलेली असतात आणि इथूनच लिलावाची गोष्ट सुरू होते.

इंग्लंडमध्ये चांदीच्या भांड्यावर शिक्के मारण्याची पद्धत फार जुनी. चांदीचा कस, कारागिराची खूण आणि १४७८ पासून वर्षाचं अक्षर. जाणकार माणूस भिंग लावून पाहतो आणि अमक्यानं अमक्या साली घडवलं, असं सांगून मोकळा होतो. १७३८ साली पॉल द लामेरी या लंडनमधल्या कारागिरानं घडवलेली चांदीची एक कॉफीची किटली २०१३ साली ख्रिस्टीजच्या लिलावात तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. तांब्याची बिननावाची किटली त्याच शतकातली, तितकीच हातानं घडवलेली, कदाचित तिच्याहून अधिक वापरलेली. पण तिच्यावरची बोली बहुधा शेदोनशे पौंडांच्या आसपास थांबते. चांदी महाग आणि लामेरीचा हात असामान्य, हे मान्यच. तरीही एवढ्या मोठ्या अंतरातला फार मोठा हिस्सा त्या चार शिक्क्यांचा आहे. नाव आणि साल सांगता आलं की भाव चढतो. अज्ञात या शब्दाला बाजारात किंमत नाही.

मग या अज्ञात तांब्याचं वय ओळखायचं कसं? त्याला भांड्याचीच साक्ष काढावी लागते. जुन्या काळी तांबट पत्रा वळवून त्याच्या दोन कडांना दाते पाडत, ते एकमेकांत अडकवत आणि पितळेचा डाख देऊन सांधत. लाल तांब्यात वरपासून खालपर्यंत गेलेली पिवळट दातेरी रेघ, ही जुन्या हातकामाची मोठी खूण. यंत्रावर फिरवून, सांध्याशिवाय भांडी बनू लागल्यावर ती रेघ नाहीशी झाली. मग ठोक्यांच्या खुणा पाहायच्या. पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत या कामाला मठारणं म्हणतात. हातोडीचे एकसारखे ठोके देत पत्र्याला बळकटी आणायची. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत व्हिलदिय नावाचं गाव तांब्याच्या भांड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. तिथल्या रहिवाशांना ‘बहिरे’ अशा अर्थाचं टोपणनाव पडलंय, कारण दिवसभर ठोके ऐकून तांबटांचे कान जात. बेल्जियममधल्या दिनाँ गावाचं नाव तर फ्रेंच भाषेत तांब्यापितळेच्या कामालाच पडलंय. १४६६ साली बर्गंडीच्या सैन्यानं ते गाव उद्ध्वस्त केलं, कारागीर परागंदा झाले आणि आपली विद्या घेऊन दुसऱ्या गावी गेले. गावांची नावं राहिली. ज्यांचे कान गेले, त्यांची नावं भांड्यांवर नाहीत.

भांड्याच्या आत डोकावलं की आणखी कळतं. तांबं उष्णता चटकन घेतं आणि सगळीकडे सारखी पसरवतं, म्हणून चुलीवर त्याच्यासारखा धातू नाही. पण त्याला कल्हई लागते. माझी आजी आमटी कळकली की नाक मुरडायची आणि दुसऱ्याच दिवशी कल्हईवाल्याची वाट पाहायची. तापवलेलं भांडं, नवसागराचा पांढरा धूर, कथलाचा तुकडा आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलेला चकाकता हात, हे दृश्य पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. युरोपातल्या स्वयंपाकघरांतही हेच चाले, तेच कथील आणि तोच नवसागर. जुन्या किटलीत कल्हई कुठे झिजलीय, हे नीट पाहिलं तर रवी कुठे घासत होती ते उमगतं. तळ बाहेरून काळवंडलाय का, मूठ एका बाजूनं जळलीय का, झाकणाच्या भोकाची कड गुळगुळीत झालीय का, हे सारं वाचता येतं. झाकणाला नंतर भोक पाडून कॉफीची किटली चॉकलेटची म्हणून खपवणं काही अवघड नाही. पण शंभर वर्षं दांडा फिरून झिजलेली कड आणि काल छिद्रकानं पाडलेली कड यांत फरक राहतोच.

म्हणूनच लिलावापूर्वी विक्रेते जेव्हा अशा किटल्या घासूनपुसून आरशासारख्या करतात आणि आत नवी कोरी कल्हई देतात, तेव्हा मला हळहळ वाटते. वापरायचं भांडं असेल तर कल्हई हवीच. त्याशिवाय ते वापरूच नये. पण शोभेसाठी कपाटात जाणाऱ्या भांड्याची कल्हई म्हणजे त्याची वहीच. ती पुसली की तिच्यातली नोंद गेली. झाकण हरवलं तर त्याहून वाईट. झाकणाविना चॉकलेटची किटली लिलावात साधा तांब्याचा जग म्हणून जाते आणि तिचा पूर्वेतिहास तिथेच संपतो.

या नोंदी जपायच्या कशासाठी? एक उदाहरण सांगतो. ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहालयात लिओतार या चित्रकाराचं १७४४ च्या सुमाराचं एक चित्र आहे. पांढरा एप्रन बांधलेली एक तरुण दासी तबकात चॉकलेटचा पेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन चाललीय. चित्र इतकं लोकप्रिय झालं की १८८३ साली अमेरिकेतल्या एका चॉकलेट कंपनीनं ते आपलं व्यापारचिन्ह केलं. त्या चित्रात किटली नाही. घुसळणं, ढवळणं, कढवणं हे काम आत कुठेतरी उरकलेलं आहे आणि तयार पेला तेवढा आपल्यासमोर येतो. चांदीची किटली दिवाणखान्यात मालकिणीच्या हाताशी असायची. तांब्याची स्वयंपाकघरात, चुलीजवळ, दासीच्या हाती. तिच्या मुठीवरची झीज ही त्या हाताची एकुलती एक सही आहे.

त्या हाताच्याही मागे आणखी हात होते. व्हेनेझुएलातल्या कोकोच्या बागांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. त्या कोकोच्या व्यापाराचा मक्ता १७२८ साली स्थापन झालेल्या एका स्पॅनिश कंपनीकडे होता. कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत १७८० च्या दशकाच्या अखेरीस जगातली जवळजवळ निम्मी कॉफी पिकत होती. पिकवणारे बहुतांश गुलाम. १७९१ साली त्यांनी उठाव केला, तेरा वर्षं झुंज दिली आणि १८०४ साली हैती हा स्वतंत्र देश उभा राहिला. पॅरिसच्या एखाद्या स्वयंपाकघरातली तांब्याची किटली त्या साऱ्या काळात चुलीवर चढत-उतरत होती. लिलावाच्या यादीत मालकाच्या घराण्याचं नाव असतं, वाड्याचं नाव असतं. बागेतल्या माणसांचं नाव कुठून असणार?

चॉकलेटच्या किटलीचं आयुष्य मात्र कॉफीच्या किटलीपेक्षा लवकर सरलं. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांनी दाबयंत्राचं पेटंट घेतलं. त्या यंत्रानं कोकोमधला बराचसा स्निग्धांश पिळून निघू लागला आणि मागे राहिलेल्या पेंडीची पूड पाण्यात सहज मिसळू लागली. आता पेल्यात चमचा फिरवला की भागे. १८४७ साली इंग्लंडमध्ये फ्राय कंपनीनं खायची चॉकलेटवडी काढली. रवीची गरज संपली, झाकणातल्या भोकाचं कामही संपलं. मेक्सिको, कोलंबिया, फिलिपीन्स इथल्या घरांत अजून रवी फिरते. पण युरोपात बहुतेक किटल्या माळ्यावर गेल्या. आणि माळ्यावरचं तांबं म्हणजे निव्वळ धातू. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मन सरकारनं घराघरांतली तांब्यापितळेची भांडी सक्तीनं गोळा केली आणि दारूगोळ्याच्या कामाला लावली. चांदी जपली जाते, कारण तिची किंमत सगळ्यांना कळते. तांबं वितळतं, कारण ते वितळवायला कुणाचा जीव तुटत नाही. लिलावात आज जी किटली शेदोनशे पौंडांना मिळते, ती अशा भट्ट्यांतून निसटलेली आहे.

हे ऐकताना तुम्हाला आपल्या घरची भांडी आठवली असतील. स्टील आलं तेव्हा आपणही हंडे, घंगाळी, तपेली वजनावर मोडीत दिली आणि त्या बदल्यात हलके, चकचकीत डबे घेतले. त्यात गैर काही नव्हतं. रोज घासणाऱ्या बायकांचे हात त्यामुळे मोकळे झाले. पण ज्या घरात अजून एखादं भांडं उरलंय, तिथे एक काम करता येईल. ते कशाचं होतं, कोण वापरायचं, त्याचा कान का वाकलाय, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावं आणि एका चिठ्ठीवर लिहून त्याच भांड्यात ठेवून द्यावं. बऱ्याच घरांत भांड्यावर नाव घातलेलं असतं, पण ते मालकाचं किंवा देणाऱ्याचं. वापरणारीचं नाव आपणच लिहायला हवं. शंभर वर्षांनी एखाद्या यादीत ‘अज्ञात’ हा शब्द लिहिण्यापूर्वी कुणीतरी आत हात घालील आणि ती चिठ्ठी त्याच्या बोटांना लागेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)